वेगळ्या सर्व्हरशिवाय घरात गाणी: माझा अनुभव

आमच्या घरातली सगळी गाणी एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत. बाबांच्या सीडींवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, कॅसेटवरच्या मैफिली, मी घेतलेलं बाकीचं. बहुतेक सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात. हे हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकायचं, पण त्यापायी आतल्या खोलीतला कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचा नाही, एवढीच माझी अट होती. ज्याला विचारावं तो सांगे, "मग नॅस घ्या," म्हणजे फायली ठेवून नेटवर्कवर पुरवणारा वेगळा डबा. दोन स्पीकरसाठी घरात अजून एक डबा कशाला, हे काही मला पटेना.

इंटरनेट रेडिओपुरतं बघितलं तर प्रश्नच नाही. स्टेशनचा पत्ता दिला की नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर थेट तिकडून आवाज ओढतो, घरात काही लागत नाही. अडतं ते स्वतःच्या फायलींपाशी. त्या कुठेतरी ठेवायला हव्यात, कुणीतरी त्यांचे टॅग (गायक, अल्बम अशी फायलीतली माहिती) वाचून यादी करायला हवी आणि मागितलेलं गाणं प्लेअरला पोचवायला हवं. ही सर्व्हरची कामं टळत नाहीत. कोणत्या यंत्राने करायची, एवढंच आपल्या हातात.

पहिला मान राउटरचा, कारण तो तसाही चोवीस तास चालू. मागच्या यूएसबीत डिस्क लावली, सेटिंगमध्ये डीएलएनए (घरातल्या नेटवर्कवर गाणी पुरवायची सोय) चालू केलं, फोनवरच्या अ‍ॅपमधून गाणं निवडलं आणि आवाज आला. पण जवळून ऐकल्यावर सुख फार टिकलं नाही. सीडीवर आलाप आणि बंदिश हे वेगळे ट्रॅक असतात. आलाप संपताना तानपुरा तुटायचा, क्षणभर शांतता, मग पुढचा ट्रॅक. ख्याल ऐकणाऱ्याला हे सहन होणं शक्य नाही. त्यात देवनागरीतली नावं काही ठिकाणी चौकोन होऊन दिसत.

दुसरी वाट म्हणजे नुसतं शेअर केलेलं फोल्डर. इथे समोर सर्व्हर प्रोग्रॅम नसतो. प्लेअर स्वतः फोल्डर चाळून यादी बनवतो. सोनोस कंपनीचा स्पीकर असंच करतो, फक्त त्याच्या यादीला ६५,००० ट्रॅकची मर्यादा आहे. व्होल्युमिओ किंवा मूड (moOde) ही छोट्या कॉम्प्युटरवर टाकायची प्लेअर सॉफ्टवेअरंही आतल्या एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोरावर हे करतात. माझा राउटर मात्र फक्त जुनं एसएमबी १ (फोल्डर शेअर करायची नेटवर्कची भाषा) बोलणारा. सुरक्षिततेच्या कारणाने ते विंडोजनेही २०१७ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये बंद ठेवलंय. ते मुद्दाम चालू करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मग आठवला लॉजिटेकचा नेटवर्क प्लेअर, स्क्वीझबॉक्स टच. मूळ स्क्वीझबॉक्स सगळं सर्व्हरवर सोपवणारा. कोणतं गाणं, कुठून, हे तिकडेच ठरायचं. २०१० च्या टचमध्ये मात्र छोटा सर्व्हर आतच होता. पेनड्राइव्ह किंवा एसडी कार्ड खोचलं की काम झालं. लॉजिटेकने २०१२ मध्ये ती मालिका गुंडाळली, पण सर्व्हरचा प्रोग्रॅम लोकांनी जिवंत ठेवला. आता त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर.

तोच साचा मी रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवर उभा केला: वर डॅकचं (डिजिटल फायलीचा स्पीकरसाठी आवाज करणारं) बोर्ड बसवलं, कार्डावर पायकोअरप्लेअर ही पायला म्युझिक प्लेअर बनवणारी प्रणाली टाकली. त्याच्या वेबपेजवर आधी कार्डावरची जागा वाढवायची, मग सर्व्हर इन्स्टॉल करायचा, मग डिस्क माउंट करायची, म्हणजे प्रणालीला वापरायला खुली करायची. डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या मांडणीत) असेल तर त्याआधी जादा फाइल सिस्टिमचं पॅकेज घ्यावं लागतं. नाहीतर डिस्क जोडलेली असून माउंट होत नाही. शेवटी ऑडिओ आउटपुटमध्ये आपला डॅक निवडला की प्लेअर त्याच पायवरचा सर्व्हर आपणहून शोधून काढतो.

खरा वेळ खाल्ला तो विजेने. स्कॅन अर्ध्यावर आला की डिस्क टकटक करून गायब व्हायची. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतो, आणि जुन्या फिरत्या डिस्कला जोर लावताना तेवढा पुरत नाही. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातल्यावर स्कॅन एका दमात पूर्ण झाला.

लाइट जाण्याची भीती होती. पायकोअरप्लेअरची मूळ प्रणाली रॅममध्ये चालते, त्यामुळे कार्ड सहसा खराब होत नाही. पण गाण्यांचा डेटाबेस सर्व्हर कार्डावरच लिहितो, म्हणून मी पाय आणि हब दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले.

आता आलापातून बंदिशीत जाताना तानपुरा अखंड राहतो आणि देवनागरी नावंही नीट दिसतात. स्वयंपाकघरातल्या जुन्या फोनवर प्लेअरचं अ‍ॅप टाकलंय, तेही याच पायवरून गाणी घेतं; म्हणजे हॉलमधला प्लेअर आता त्या खोलीचा सर्व्हर झालाय. आईला हे काही सांगावं लागलं नाही, तिला फोनवर नाट्यसंगीताचं फोल्डर सापडलं की पुरे. दुसरी डिस्क फक्त बॅकअपसाठी घेतलीय, ती कपाटात असते.