झारेकरी येऊन गेल्यावर

डिचोलीतल्या आमच्या जुन्या दुकानाची जमीन उकरायला घेतली तेव्हा घरच्यांचं एकच म्हणणं होतं, आता तिथे काय मिळणार? त्यांचंही बरोबर होतं. सोनाराच्या दुकानातला केर म्हणजे पैसा, हे आम्हा शेटांच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. आजोबांच्या काळापासून तो केर नेमाने झारेकऱ्याकडे, म्हणजे केरातलं सोनं धुऊन काढणाऱ्याकडे जायचा. तो केर जाळायचा, कुटायचा, चाळायचा, लोहचुंबकाने कानशीचा लोखंडी कीस काढायचा, पाण्यात धुवायचा आणि शेवटी पारा फिरवून बारीक कण उचलायचा. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली. गोवा मुक्त होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं. हाताला काम नाही, अशा त्या दिवसांत आजोबांनी दुकानाच्या सारवणाचा थरसुद्धा तासून धुऊन घेतला होता, असं बाबा सांगायचे.

म्हणजे आमच्या जमिनीवरून बरेच हात फिरून गेले होते. तरी काहीतरी उरलंय याची मला खात्री होती, आणि ती बेळगावकडून येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या झारेकऱ्यामुळे होती. नवीन दुकानाचा केर घ्यायच्या आधी तो एवढंच विचारायचा, "शेट, माझ्या आधी आलेल्यानं काय वापरलं, ते सांगा. काय उरलंय ते मी सांगतो."

त्याचं हे बोलणं मी फार मानतो. सोनं कुठे होतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आधीच्या माणसाच्या हत्याराला काय पकडता आलं नाही, ते शोधायचं असतं. पाऱ्याला उघडं सोनं लागतं. कणावर तेल, लाख किंवा टाकणखाराची (बोरॅक्सची) काच चढली असेल तर पारा त्याला धरत नाही, नुसता घरंगळून जातो. म्हणून मी जमीन अर्धवट सोडली आणि परसात माडाच्या बुंध्याशी टाकलेल्या, सोनं आटवायच्या फुटक्या मुशी गोळा केल्या.

मुशीच्या आतल्या बाजूला काळपट हिरवी काच असते, सोनं आटवताना घातलेल्या टाकणखाराची. उन्हात धरली तर क्वचित एखादा पिवळा ठिपका दिसतो, बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ते तुकडे लोखंडी खलात कुटायचे. काच फुटते आणि तिचं पीठ होतं. सोनं फुटत नाही, चपटं होतं. त्यामुळे बारीक चाळणीतून पीठ खाली जातं आणि वर जाळीला चिकटून राहतात त्या पिवळ्या टिकल्या, मोहरीच्या दाण्याहून लहान. बोटाने उलटवली की दुसऱ्या बाजूलाही तशीच पिवळी. पहिली टिकली हातावर आली तेव्हा मला आजोबांचा हात हातात आल्यासारखं वाटलं, खरंच सांगतो.

पॉलिशच्या मोटारीखालच्या धुळीचं दुखणं वेगळं. ती इतकी बारीक आणि तेलकट असते की सोनं पाण्याहून १९ पट जड असूनही तिच्यातले कण पाण्यावर तरंगतात आणि धुणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वाहून जातात. आधी जाळून तेल घालवायचं आणि धुताना पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, मग ते तळाला बसतात.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. तिकडे व्हिक्टोरियात सरकारी परवाना काढून लोक सुट्टीच्या दिवशी जुन्या खाणपट्ट्यांत सोनं शोधायला जातात. ती जमीन १८५०च्या दशकातल्या गर्दीने चाळून टाकलेली. पण त्या लोकांच्या चाळणीवर राहिलेले दगड ढिगात जायचे, आणि मातीने माखलेला सोन्याचा गोळा कधी कधी दगड म्हणूनच फेकला जायचा. आता मेटल डिटेक्टरवाले त्या ढिगांवरूनच फिरतात. किंगोवर हे त्याच गर्दीतलं गाव. तिथे १९८० साली केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरवर २७ किलोंचा गोळा सापडला, जमिनीखाली जेमतेम हातभर. सव्वाशे वर्षं त्याच्यावरून माणसं चालत होती.

आमच्या तालुक्याला तरी हे नवं कुठे आहे? खाणींनी टाकाऊ म्हणून रचलेले लोहखनिजाचे डंप, चीनकडून हलक्या मालाला मागणी आली तसे पुन्हा उपसले गेलेच ना!

डिचोलीत, म्हापशात, फोंड्यात कुणी वडिलोपार्जित दुकान मोडायला काढलं असेल तर कंत्राटदाराचा टेम्पो येण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या काढून ठेवा: मुशींचे तुकडे, बागेसरीखालची (सोनाराच्या शेगडीखालची) माती आणि हात धुवायच्या मोरीतला गाळ. पारा मात्र घरात आणू नका, तापवताना त्याची वाफ श्वासात जाते आणि मेंदूपर्यंत पोचते. मुशीतल्या सोन्याला त्याची गरजही नाही, खल आणि चाळणी पुरते.