आमची वाटचाल : हुपरी ते मिरामिशी

आमची फ्लाय, म्हणजे मासा धरायला गळावर दोऱ्यानं केस बांधून केलेला नकली किडा, दिवसभर पाण्यात मारा, तिच्या पंखाचा केस सुटणार नाही. हे आज मी छातीठोकपणे सांगते. 2016 च्या जूनमध्ये मात्र आमच्याच 60 डझन फ्लाय पोत्यात भरून परत आल्या होत्या, आणि त्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

माझं माहेर हुपरीचं. बाबा चांदीचं काम करायचे. लग्नानंतर कॅनडात न्यू ब्रन्सविकला आले, तर घरामागे मिरामिशी नदी. इथं सॅमन मासा धरायचा तो फ्लायनंच, खरं आमिष चालत नाही. शेजारचे वृद्ध गाइड हिवाळाभर तळघरात फ्लाय बांधत बसायचे. मी त्यांना काका म्हणायचे. 2009 च्या जानेवारीत त्यांनी मला वाइससमोर, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यासमोर, बसवलं. ओव्हल टिन्सेल, म्हणजे चकचकीत जरीसारखा धागा, हातात आलं आणि बाबांची तार आठवली. फ्लायच्या अंगावरचे त्याचे, म्हणजे रिबचे, पाच वेढे, सारख्या अंतरावर, पहिल्याच दिवशी जमले. काका काही बोलले नाहीत, फक्त आपला जुना बॉबिन, दोऱ्याचं रीळ धरणारी नळी, माझ्यापुढे सरकवला. तो अजून माझ्याकडे आहे. नळीचं तोंड झिजलंय, पण दोरा कापत नाही. पुढच्या वर्षी आम्ही भागीदारीत दुकान काढलं.

2015 पासून इथला प्रत्येक सॅमन परत सोडायचा नियम आला. गिऱ्हाईक थोडं घटलं, तेवढ्यात मासेमारीला येणाऱ्यांच्या एका मोठ्या लॉजची ऑर्डर आली. काळ्या अस्वलाच्या केसांची ब्लॅक बेअर ग्रीन बट आणि खारीच्या केसांची ब्लू चार्म, या दोन प्रकारच्या फ्लाय मिळून 60 डझन. त्यांच्या माणसानं आमचे नमुने बघून सांगितलं, ‘पंख भरगच्च हवा, काउंटरवर उठून दिसला पाहिजे. आणि डोकं बारीक.’ काका नको म्हणाले. मी हो म्हटलं. घराचे हप्ते थकले होते.

बांधणाऱ्याला इथंच कळलं असेल काय झालं ते. काडेपेटीच्या काडीपेक्षा जाड झुपका घेतला की दोरा बाहेरच्या केसांना आवळतो, मधले मोकळेच राहतात. त्यात खारीचा केस मुळातच गुळगुळीत. डोकं बारीक ठेवायचं म्हणून वेढे कमी, आणि वेळ वाचवायला बुडख्यांना, म्हणजे केसांच्या कापलेल्या टोकांना, व्हार्निशचा थेंबही मी लावू दिला नाही. पहिल्याच आठवड्यात पंख गळायला लागले. सगळा माल परत, पैसे बुडाले. ज्यानं भरगच्च पंख मागितला त्यानंच गावभर सांगितलं की यांना केस बांधता येत नाहीत. ती ऑर्डर पलीकडच्या दुकानाला गेली. तिथला माल परदेशातून खोक्यानं येतो, तरी पाटीवर ‘हातानं बांधलेल्या, इथल्याच’ असं लिहिलेलं असतं. त्यांचा पंखही मी सोडवून पाहिलाय. आत व्हार्निश नव्हतं. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. दहा वर्षं होत आली, मला अजून त्या पाटीसमोरून जाताना त्रास होतो.

काकांनी पोतं जमिनीवर ओतलं आणि ब्लेडनं एकेक पंख कापायला घेतला. गळ वाचवले. आम्ही दोघं ऑक्टोबरपर्यंत पुन्हा बांधत होतो, आणि तेव्हापासूनची पद्धत आजही तीच आहे. अस्वलाचा पुंजका कातडीलगत कापायचा. बारीक फणीनं खालची लव सगळी काढायची. लव राहिली की पंख पाण्यात गोळा होतो. टोकं हातानं जुळवायची. केसांची टोकं आपटून जुळवायची नळी असते, स्टॅकर, ती अस्वलाला वापरू नका, पंखाचा ब्रश होतो. लांबी गळाच्या वाकापर्यंत, त्यापुढे नाही. बुडखी तिरकी कापून व्हार्निशच्या थेंबात टेकवायची. मग चिमटीत धरून दोन सैल वेढे, सरळ वर ओढून आवळायचे, तिसरा वेढा फक्त केसांभोवती, आणि मग उरलेले गळासकट. प्रत्येक फ्लायचा पंख मी स्वतः ओढून बघते. आणि नव्यानं शिकणाऱ्यांना सांगते, आधी स्वस्त बकटेलवर, म्हणजे हरणाच्या शेपटीच्या केसांवर, हात बसवा, पण शेपटीच्या टोकाकडचा केस घ्या. बुडाजवळचा पोकळ असतो, दोरा आवळला की फुलतो.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे येत राहिले ते अमेरिकेतल्या मेन राज्याचे एक डॉक्टर. त्यांच्याही पेटीत गळकी फ्लाय होती. ती परत देताना म्हणाले, ‘ही दुरुस्त करू नका, तुमची जुनी द्या.’ दर मार्चला त्यांचं पत्र येतं, 4 डझन ग्रीन बट, 6 नंबरचा गळ, पंख विरळ. 2020 मध्ये सीमा बंद झाली, एकही अमेरिकन नदीवर आला नाही, तेव्हाही त्यांचा चेक आला. सोबत चिठ्ठी, ‘बांधून ठेवा.’ 2021 च्या ऑगस्टमध्ये सीमा उघडल्यावर ते आले आणि दोन्ही वर्षांची खोकी घेऊन गेले. काका तेव्हा नव्हते. डॉक्टर त्यांच्या खुर्चीजवळ बराच वेळ उभे राहिले.

यंदाच्या पत्रात त्यांनी पहिल्यांदा 10 नंबर मागितलाय. नंबर मोठा तसा गळ लहान. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तापतं, मोठी फ्लाय मासा बघतही नाही. 10 नंबरला अस्वलाचे पंधरा-वीस केस पुरतात. काल रात्री पहिला डझन झाला.