अब्बांचा हज मी केला, तो कसा?

"भाऊ असताना अब्बांचा हज तू का केलास? आणि बाईने केलेला हज पुरुषाच्या नावावर लागतो तरी का?" लग्नात, मयतीत, कुठेही गेलं तरी हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून या बदली हजबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने केलेल्या हजबद्दल, एकदा नीट लिहिते.

भावाचं उत्तर सोपं आहे. त्याचा स्वतःचा हज अजून व्हायचाय, माझा झालाय. पैगंबरांनी (स.) एकदा एका माणसाला शुब्रुमा नावाच्या नातलगाच्या वतीने 'लब्बैक' ('मी हजर आहे', हा हजयात्रेकरूंचा पुकारा) पुकारताना ऐकलं. विचारलं, तुझा हज झालाय? तो नाही म्हणाला. मग आधी तुझा कर, शुब्रुमाचा नंतर. सुन्नी मुसलमानांच्या धर्मनियमांच्या चार परंपरा आहेत: हनफी, शाफई, मालिकी, हंबली. शाफई आणि हंबली या बाबतीत ठाम आहेत. हनफींच्या मते तसा हज अदा होतो, पण ते त्यांना पसंत नाही. घरात हज झालेली मी असताना त्या नापसंतीत शिरायचं कशाला?

बाईचं म्हणाल, तर हा प्रश्न मुळात एका लेकीनेच विचारलाय. १० हिजरी, म्हणजे इ.स. ६३२. पैगंबरांच्या अखेरच्या हजमध्ये खसअम कबिल्यातली एक बाई पुढे आली: वडिलांवर हज फर्ज (बंधनकारक) झालाय, पण ते इतके थकलेत की त्यांना वाहनावर धड बसवत नाही, त्यांच्या वतीने मी करू का? उत्तर मिळालं, हो. जुहैना कबिल्यातल्या दुसरीच्या आईने हजचा नवस बोलला होता आणि फेडायच्या आत ती गेली. तिला पैगंबर म्हणाले, आईवर कर्ज असतं तर फेडलं असतंस ना? मग अल्लाहचंही फेड.

सगळा बदली हज मला याच कर्जात दिसतो. लोक त्याला भेट समजतात, 'अम्मी-अब्बांना हज दिला' म्हणतात. भेट दोघांत वाटता येते. कर्ज ज्याचं त्याच्याच खात्यावर फिटतं. म्हणून एका फर्ज हजमध्ये एकच नाव. आमच्या हनफी रिवाजाप्रमाणे खर्चही अब्बांच्याच पैशातून झाला, उरलेले मी त्यांना परत केले. एकाच मोसमात चार घरांकडून बदली हजचे पैसे घेणारे लोक असतात. मला ती सरळ फसवणूक वाटते. मर्हूम अम्मीचा उमरा (मक्केची छोटी यात्रा) मी वेगळा केला, त्यासाठी हरमच्या, म्हणजे मक्केच्या पवित्र क्षेत्राच्या, हद्दीबाहेर तनईमच्या मशिदीत जाऊन पुन्हा एहराम बांधला, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत शिरले.

अब्बांच्या हजमध्ये अब्बांचं काय होतं? नियत, म्हणजे मनातला संकल्प. मीकात (जिथे पोचण्याआधी एहराम बांधावा लागतो ती सीमा) यायच्या आधी विमानात त्यांचं नाव घेतलं, पहिल्या तल्बियातही ('लब्बैक'च्या पुकाऱ्यात) घेतलं. पुढचे सगळे नियम माझेच. पुरुषांसारख्या दोन पांढऱ्या चादरी नाहीत, साधे कपडे. सईमध्ये, म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्यांत, हिरव्या दिव्यांपाशी पुरुष धावतात, बायका चालतात, मी चालले. शेवटी बोटाच्या पेराएवढे केस कापले. म्हणजे त्यांच्या हजमध्ये ना धावणं झालं ना मुंडण, आणि हज पूर्ण! ऐकून अब्बा हसले. ९ जिलहिज्जला, हजच्या मुख्य दिवशी, अरफातच्या मैदानावर दुआ (प्रार्थना) मात्र मी सगळ्यांसाठी मागितली, स्वतःसाठीसुद्धा. त्याला कुणाची आडकाठी नाही.

हे सगळं चाललं ते अब्बा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत आणि पुन्हा उभे राहतील अशी आशा नाही म्हणून. (मालिकी तर जिवंत माणसाच्या वतीने फर्ज हज मानतच नाहीत.) तुमच्या वडिलांचे नुसते गुडघे दुखत असतील, गर्दीची धास्ती वाटत असेल, तर बदली माणूस शोधू नका. तवाफला (काबाभोवतीच्या फेऱ्यांना) आणि सईला व्हीलचेअर मिळते. सैतानाच्या खांबांना खडे मारणं झेपलं नाही तर सोबतचा माणूस त्यांच्या वतीने मारू शकतो. तिकीट त्यांच्याच नावाचं काढा.