सरांची किटली आणि गोदावरीचा बॉयलर

नववीत असताना भौतिकशास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेत स्टोव्हवर किटली ठेवली आणि विचारलं, "यात वाफ कुठंय?" आम्ही सगळ्यांनी पांढऱ्या लोटाकडे बोटं दाखवली. सर म्हणाले, "ते तर पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ तोटीच्या अगदी तोंडाशी आहे. तिथं काही दिसत नाही, म्हणून तिथं जपायचं."

माणदेशातल्या मुलाला समुद्र ठाऊक नव्हता. नौदलात निवड झाल्यावर इंजिनीअरिंगचं शिक्षण झालं तेही लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे डोंगरातच. पहिलं जहाज मिळालं हिमगिरी, वाफेवर चालणारं. बॉयलर रूममध्ये उतरलो त्या दिवशी एका जुन्या चीफने, म्हणजे अनुभवी वरिष्ठ नौसैनिकाने, काठीच्या टोकाला फडकं बांधून हातात दिलं. जास्त दाबाच्या नळीतून वाफ गळत असेल तर फक्त शिट्टीसारखा आवाज येतो, डोळ्यांना दिसत काही नाही. म्हणून आधी काठी पुढे, मग माणूस. मला किटलीची तोटी आठवली.

नंतर गोदावरी ही युद्धनौका. १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झालेली, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, आपल्याच लोकांनी आराखडा केलेली. हिमगिरीपेक्षा कितीतरी मोठी, दोन सी किंग हेलिकॉप्टरं मावतील एवढी. इंजिनं मात्र तीच, ३०,००० अश्वशक्तीची. एवढं अंग वाढूनही वेग कमी झाला जेमतेम एका नॉटने, म्हणजे ताशी दोनेक किलोमीटरने. ही करामत कागदावर ज्यांनी साधली, त्यांच्याविषयी मला आजही फार आदर वाटतो.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधलं बंड फसलं आणि बंडखोर ओलिसांना घेऊन प्रोग्रेस लाइट या जहाजातून मालेहून पळाले. त्यांना गाठायला निघालेल्या जहाजांत गोदावरी होती. लोक विचारतात, काय पाहिलंस? मी काहीच पाहिलं नाही. आम्ही पाण्याच्या पातळीखाली होतो. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या कक्षातून, वेगाचे हुकूम यायचे, आम्ही बर्नर वाढवायचो, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची नजर हलू द्यायची नाही. वर काय चाललंय ते स्पीकरवरून कळेल तेवढंच. ६ तारखेला जहाज ताब्यात आलं. वर डेकवर आलो तेव्हा वारा इतका गार लागला की माझ्या अंगावर काटा आला.

पुढे मुंबई ही विनाशिका मिळाली. तिच्यावर गॅस टर्बाइन. बॉयलर पेटवून वाफ धरायला तास लागायचे, इथे काही मिनिटांत इंजिन तयार. २००६ साली मुंबईसह चार जहाजांनी युद्धात सापडलेल्या लेबनॉनमधल्या बैरूतहून २,२८० माणसांना सायप्रसला सुखरूप पोहोचवलं, तेव्हा माझी नेमणूक किनाऱ्यावर होती. आपण तिथं नाही, याची रुखरुख लागून राहिली.

२३ डिसेंबर २०१५ रोजी गोदावरी निवृत्त झाली. बत्तीस वर्षं तिच्या बॉयलरने किती जणांचे हात भाजले असतील, किती जणांना शहाणं केलं असेल!

प्रयोगशाळेच्या कपाटात ती काळवंडलेली किटली अजून असेल, तर शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी कुणीतरी ती बाहेर काढून ठेवा. स्टोव्ह मी घेऊन येतो.