हाकेला ओ

जर्मनीतल्या क्योनिगझे सरोवरावर मी गेलो होतो तो पाण्याचा रंग बघायला. फोटोंमध्ये पाहून पाहून पाठ झालेला तो हिरवा खोटा असणार, अशी मनात खात्रीच होती. खोटा नव्हता. पाणी खरोखरच तसं निघालं आणि दहा मिनिटांत डोळ्यांना त्याची सवयही झाली. सौंदर्याचं हे एक वाईट असतं.

बव्हेरियाच्या आग्नेय टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून हे सरोवर पसरलंय. लांबी जेमतेम आठ किलोमीटर, रुंदी सव्वाच्या आसपास आणि खोली 190 मीटर. हिमयुगातल्या हिमनदीने डोंगर कोरत कोरत ही दरी केली आणि वितळून गेली. दोन्ही बाजूंचे कडे सरळ पाण्यात उतरतात, त्यामुळे काठाकाठाने फिरायला वाटच नाही. बोटीत बसायचं, एवढंच आपल्या हातात.

बोट सुरू झाली तेव्हा सुरू झाल्याचं कळलंच नाही. इथे 1909 पासून विजेवरच्या बोटी चालतात. मला वाटलं, केवढी ही दूरदृष्टी! मग कारण कळलं. तेव्हाचा राजप्रतिनिधी लुइटपोल्ड शिकारीचा शौकीन. इंजिनांच्या आवाजाने सावज पळेल ही त्याची काळजी. म्हणजे आज आम्ही डोळे मिटून उपभोगत होतो ती शांतता एका शिकाऱ्याने सावजासाठी राखलेली होती. हेतू काही का असेना, शांतता उत्तम टिकली आहे.

निम्म्या वाटेवर नावाड्याने मोटर बंद केली. बोट नुसती तरंगत राहिली. माणसं आपोआप कुजबुजायला लागली, देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखी. मग तो उभा राहिला, ट्रम्पेट ओठांना लावला आणि समोरच्या कड्याकडे तोंड करून चार-पाच सुरांची एक ओळ वाजवली. थांबला. क्षणभर काहीच नाही. आणि मग कड्याने तीच ओळ परत दिली.

प्रतिध्वनी म्हणजे काय, हे शाळेत शिकलो होतो. ध्वनी आदळतो, परततो, सेकंदाला साधारण 340 मीटर वगैरे. पण शाळेत कुणी सांगितलं नव्हतं की परत आलेला सूर गेलेल्या सुरापेक्षा मऊ असतो. जाताना तो पितळेचा होता, येताना त्याला धुकं लागलं होतं. नावाडी पुढची ओळ वाजवायच्या आधी कड्याचं बोलणं पुरं होऊ देत होता. समोरच्याचं पुरं ऐकून मगच तोंड उघडणारी माणसं माझ्या माहितीत फार नाहीत.

वाजवून झाल्यावर तो टोपी घेऊन रांगेरांगेतून फिरला. म्हणाला, यातले अर्धे पैसे वर बसून उत्तर देणाऱ्या सोबत्याचे. हा विनोद तो दिवसातून किती वेळा करत असेल देव जाणे, पण सगळे हसले आणि नाणी टोपीत पडली.

पुढे सेंट बार्थोलोमेचं लाल घुमटांचं देऊळ आलं, मागे वाट्समान डोंगराची अजस्र भिंत. शेवटच्या धक्क्यावर उतरून पंधरा मिनिटं चाललो की ओबरझे हे धाकटं सरोवर लागतं. एका जुन्या दरडीने ते मोठ्यापासून तोडलंय. तिथे आसपास कुणी नाही असं बघून मी मोठ्याने हाक मारली. स्वतःचंच नाव घेतलं, दुसरं काही सुचलं नाही. उत्तर आलं नाही. वळणावरून एक जोडपं मात्र लगबगीने पुढे आलं आणि सगळं ठीक आहे ना, असं खुणेने विचारून गेलं.

ट्रम्पेटचं मी मोबाइलवर चित्रण केलं होतं. त्यात कड्याचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. वारा आहे, कुणाचं तरी खोकणं आहे आणि ऐन उत्तराच्या वेळी माझाच आवाज आहे : "झालं का?"

परतीच्या बोटीत ट्रम्पेट वाजला नाही. मी खिडकीशी बसून त्या कड्याची वाट बघत होतो. एकामागून एक कडे सरकत गेले, सगळे सारखेच करडे, सगळे गप्प. त्यातला बोलला होता तो कोणता, ते मला ओळखता येईना.