करवंदांच्या मागावर: वेल्हे, पासली, केळद

पुण्याहून खास करवंदांसाठी जायचं असेल तर मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. वळवाची एखादी सर येऊन गेली असेल तर फारच उत्तम. त्या सरीनं फळ टरारतं आणि आंबटपणा जरा मवाळ होतो. रोहिणी लागल्या की घाई करायची, कारण एकदा मृगानं झोडपलं की करवंद पाणचट होतं, चिरतं, आणि आत अळी वळवळू लागते. एप्रिलात गेलात तर हिरवी करवंदं मिळतील. ती लोणच्याची. खायला म्हणून तोंडात टाकाल तर चिकानं ओठ चिकटतील.

आम्ही मेच्या मध्यावर गेलो. मी, माझी बहीण आणि तिचा मुलगा. भाच्याला सुट्टी होती आणि करवंद त्याला फक्त हातगाडीवरचं माहीत होतं. जागा ठरवताना ताम्हिणी, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड ही नावं पहिल्यांदा आली आणि पहिल्यांदाच बाद झाली. तिन्हीकडे अभयारण्य आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय फळ-पान काही उचलायचं नसतं. शिवाय राखीव जंगल अभयारण्याबाहेरही असतंच. तिथली वनोपज गोळा करायचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या लोकांना दिला आहे, शनिवारी गाडी घेऊन येणाऱ्यांना नाही. म्हणून आमचा बेत साधा होता. मालकीच्या बांधांवरच्या जाळ्या, त्याही विचारून, आणि घरी न्यायचा माल गावातल्या बायकांकडून विकत. हाच बेत तुम्हीही करा असं मी म्हणेन. त्यानं सहलीची मजा तसूभरही कमी होत नाही.

रस्ता सोपा आहे. सातारा रस्त्यानं खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडायचा, चेलाडी फाट्याला उजवीकडे वळून नसरापूर, पुढे मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. पुण्यापासून साठेक किलोमीटर. स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी आहे, पण वेल्ह्याच्या पुढे केळदकडे जायचं तर आपलं वाहन असलेलं बरं. पेट्रोल फाट्यालाच भरून घ्या. पाणी माणशी तीन-चार लिटर. मे महिन्यात ओढे कोरडे ठणठणीत असतात, कानंदी नदीतही डबक्यांपुरतंच पाणी उरतं, आणि गावात प्यायला मागायचं म्हणजे त्यांच्या हंड्यातलं मागायचं. सकाळी सहाच्या आत पुणं सोडा. अकरानंतर उघड्या डोंगरउतारावर उभं राहवत नाही.

वेल्ह्यात शिरताना तोरणा समोर येतो. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या किल्ल्यांपैकी एक; याला प्रचंडगड म्हणायला तेच लागले. गडावर तोरण नावाच्या रानफळाची झाडं फार, म्हणून तोरणा, असं इथं कुणीही सांगेल. गडावर आम्ही चढलो नाही. मे महिन्याच्या उन्हात तो उघडा दांड चढणं हौसेचं काम आहे, आणि करवंदं तर सगळी खालीच.

एक गोष्ट या वाटेवर फार छान दिसते. मार्गासनीच्या बाजूला करवंदं जवळजवळ संपलेली होती, शेंड्याला सुकून मनुके झालेली. वेल्ह्यात ऐन बहर. आणि त्याच दिवशी दुपारी वर केळदला निम्मी जाळी अजून तांबडी. उंची वाढते, हवा गार होते, तसं फळ मागे पडतं. त्यामुळे तुमचा आठवडा थोडा पुढेमागे झाला तरी निराश व्हायचं कारण नाही. लवकर गेलात तर खाली शोधा, उशीर झाला तर वर चढा. एकाच जाळीतही हा फरक असतो. उन्हाकडचं आधी पिकतं आणि बारीक राहतं, आतलं सावलीतलं उशिरा पिकतं, पण रसरशीत.

भट्टी गावाच्या अलीकडे एका बांधावर एक आजी टोपली घेऊन करवंदं काढत होत्या. विचारलं, “आजी, आम्ही थोडी तोडून खाऊ का?” त्यांनी आधी आमच्या चपलांकडे पाहिलं. “खा की. पर ह्या पायतानावर जाळीत घुसू नका.” त्यानंतरचा तासभर आम्ही त्यांच्या मागे मागे होतो, आणि पुढे जे लिहिते आहे त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

करवंद तोडायचं नसतं. हात लावला की जे सुटून येतं तेवढंच घ्यायचं. ओढावं लागलं आणि देठाशी पांढरा चीक डबडबला तर ते अजून तयार नाही, मग रंग कितीही काळा असो. फांदी काठीनं वर उचलायची, कारण चांगली फळं पानांच्या खाली लोंबतात. वरून पाहणाऱ्याला जाळी रिकामी वाटते. काटा जोडीनं येतो, पुष्कळदा टोकाला दुभंगलेला, आणि सरळ आत जातो. मोडून राहिला तर ठणकतो, म्हणून सुई आणि चिमटा खिशात हवा. बूट, जाड पँट, पूर्ण बाह्या. आणि गाडी तोडलेल्या जाळीवर लावू नका. शेताच्या कुंपणाला घातलेले वाळके करवंदीचे फाटे रस्त्याकडेला पडलेले असतात, टायर त्यांना आवडतात.

जाळीत हात घालण्याआधी काठी आपटायची, ही आजींची सवय. भाच्यानं कारण विचारलं तर म्हणाल्या, “आत कोन ऱ्हातंय ते काय ठावं?” ससा असतो, सरडे असतात, लाव्हे भुर्रकन उडतात, आणि मे महिन्यात गारव्याला सापही असतो. जाळीखालचे दगड उचलू नका, फुरशाला तीच जागा आवडते. दंश झालाच तर बांधाबांध, चिरणं, चोखणं काही न करता सरळ गाडीत घालून दवाखाना. केळदकडे मोबाईलला धड रेंज नसते, तेव्हा जायच्या आधीच वेल्ह्याचा सरकारी दवाखाना कुठं आहे ते पाहून ठेवा.

मग अर्थातच कोंबडा की कोंबडी. हा खेळ भाच्याला शिकवावा लागला याचं मला थोडं वाईट वाटलं. करवंद अर्धं चावायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आधी सांगायचं, मग चावायचं. अर्ध्या तासात तो आम्हा दोघींना हरवायला लागला. त्याचं म्हणणं, जास्त काळी दिसतात ती कोंबडे. आजींनी त्याला एक काळंभोर करवंद दिलं आणि ते पांढरं निघालं.

तोरणाचा हंगाम तोपर्यंत सरत आला होता. पांढरी, मण्याएवढी फळं, पिठूळ गोड, आत मोठी बी. मार्च-एप्रिलात गेलात तर पोटभर मिळतील. ते काटेरी झुडूप वेलीसारखं दुसऱ्या झाडावर चढतं आणि त्याचे काटे वाकडे, करवंदीसारखे सरळ नव्हेत. अडकलेली ओढणी सोडवायला दोघं लागतात. माझ्या मते चवीत तोरण करवंदाच्या पासंगालाही पुरत नाही. पण ते पुण्यात सहसा विकायला दिसत नाही, म्हणून खाऊन घ्या. जांभळं नुकती कुठं रंगायला लागली होती, ती जूनची. जांभळाची फांदी दिसते दणकट आणि मोडते कटकन. मुलांना वर चढवू नका. खाली जुनी चादर धरायची आणि बांबूनं हलवायचं.

आता जरा गंभीर. पासलीच्या पुढे एका घरामागे आळूचं झाड होतं. भाजीचं अळू नव्हे, चिकूसारखं गोल फळ येतं ते काटेरी झाड. फळं अजून हिरवी होती. ती उतरवून भाताच्या पेंढ्यात घालतात, तपकिरी आणि मऊ झाली की खातात. त्याच उतारावर गेळासुद्धा उगवतो. तोही काटेरी, फळ तसंच गोल, पिवळट, टोकाला गळून गेलेल्या फुलाचा उरलेला मुकुट. गेळा म्हणजे वैद्यांचं मदनफळ, ओकारी काढायला देतात ते. ओढ्यात मासे गुंगवायलाही हेच कुटून टाकतात. फोडून पाहिलं तर फरक कळतो. आळूत चार-पाच टणक आठळ्या निघतात, गेळ्यात गरात गच्च बसलेल्या पुष्कळ बारीक बिया. पण ज्याला फोडून पाहावं लागतंय त्यानं ते खाऊच नये. ज्या घरचं झाड आहे त्यांनी हातात ठेवलेलं फळ खावं.

“पाखरं खातात म्हणजे आपल्याला चालतं” हे पुष्कळांकडून ऐकलंय, आणि ते धोकादायक आहे. घाट उतरून कोकणात गेलात की काजऱ्याची नारिंगी, लहान संत्र्यासारखी फळं दिसतात. धनेश ती खातो. माणसाला मात्र त्याच्या बीतलं स्ट्रिक्निन मारतं. गुंजेची लालकाळी बी दिसायला खेळण्यासारखी असते आणि चावली गेली तर जीव घेऊ शकते. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. घाणेरीची काळी फळं गावाकडची पोरं सर्रास खातात; हिरवी विषारी असतात आणि एकाच घोसात दोन्ही असतात, तेव्हा शहरी मुलांना तो घोसच नको. मुलांसाठी आमच्याकडे एकच नियम होता: तोंडात घालण्याआधी दाखवायचं. ॲपवर फोटो काढून ओळख पटवणारे आम्हाला वाटेत भेटले. झाडाचं नाव शोधायला ठीक आहे, त्याच्या भरवशावर खायचं मात्र नाही.

जेवणाचं आधी ठरवा. वेल्ह्यात खानावळी आहेत, पुढच्या गावांत आधी सांगितलं तर कुणीतरी पिठलं-भाकरी करून देतं. उपाशीपोटी करवंदं खाऊ नका. चिकानं घसा धरतो, दात आंबतात. ओठांवरचा चीक पाण्यानं निघत नाही. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की निघतो.

केळदला मढे घाटापर्यंत गेलो. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं कोकणात उमरठ्याला नेला, असं सांगतात. पावसाळ्यात इथं धबधब्यासाठी गर्दी मावत नाही. मे महिन्यात आम्ही, दोन गुराखी आणि वारा. घाटमाथ्यावर जाळ्या भरपूर, पण एक अख्खा उतार काळा होता. वणवा. गवत चांगलं फुटतं म्हणून, किंवा कुणाच्या विडीनं, फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतो आणि नेमका तेव्हाच करवंदीला पांढरा फुलोरा असतो. जाळी मुळातून पुन्हा फुटते, त्या वर्षीचं फळ मात्र गेलं. आणि जाळीचं नुसतं फळ जात नाही. गुरं-शेळ्या काट्यात तोंड घालत नाहीत, म्हणून आंबा-जांभळाची रोपं पहिली काही वर्षं करवंदीच्या पोटात वाढतात. नीट पाहिलंत तर कित्येक मोठ्या झाडांच्या बुंध्याशी अजून म्हातारी जाळी सापडेल. तेव्हा फळासाठी फांद्या तोडणारा कुणी दिसला तर टोका. आणि तिथं चूल मांडू नका, बिडी-सिगारेट तर नकोच.

परतताना आजी रस्त्यावर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसल्या होत्या, शेजारी आणखी दोघी. बहिणीनं टोपलीच घेतली. घासाघीस करू नका. तीन तासांच्या ओरखड्यांचा तो भाव असतो, आणि स्वतः तासभर जाळीत घातल्यावर घासाघीस करायला जीभ रेटतही नाही. सुटे पैसे ठेवा.

घरी नेण्याबद्दल. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, तासाभरात करवंदांना घाम फुटतो आणि रात्रीपर्यंत आंबूस वास येतो. पसरट टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका, खाली पळसाची पानं, दोन-तीन थरांहून जास्त नाही, आणि गाडीच्या डिकीत न ठेवता पायाशी. घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, चीक सुटतो, एखादी अळी असेल तर वर येते. फ्रिजमध्ये जेमतेम तीन दिवस टिकतात. उरलेल्यांचा जॅम करा. त्यात मूठभर अर्धीकच्ची तांबडी करवंदं मुद्दाम घाला. कच्च्यात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे बाहेरची पावडर न घालता जॅम आळतो. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर चोळायचं, बिया वर राहतात, मग गराइतकीच साखर. भांडं स्टीलचं घ्या, आणि ओट्यावर सांडलेलं लगेच पुसा. बहिणीच्या पांढऱ्या ओट्यावर तो जांभळा गोल अजून आहे.