माटुंग्यातली रविवारची न्याहारी : वहीतल्या नावापासून गल्ल्यापर्यंत

रविवारी सकाळी नऊनंतर माटुंग्याच्या नावाजलेल्या उडुपी हॉटेलांपैकी कोठेही सरळ आत जाऊन खुर्ची ओढून बसता येत नाही, हे बहुतेक मुंबईकरांना ठाऊक असते. मात्र दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून गल्ल्यापर्यंत नेमके काय घडते, आणि त्यात गिऱ्हाइकाने काय करायचे असते, हे सहसा कोणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात आई, साताऱ्याहून आलेली मावशी, पत्नी आणि कॉलेजात जाणारा मुलगा अशा सगळ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. त्या सकाळचा अनुभव ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे. हॉटेलचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच रीत त्या भागात इतरत्रही दिसते.

माटुंगा पूर्व हा भाग मुळात योजनापूर्वक वसवलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, मोकळ्या बागा आणि एकमेकांपासून अंतर राखून बांधलेल्या इमारती ही त्याचीच देणगी. कारकुनी आणि तत्सम नोकऱ्यांसाठी दक्षिणेतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांच्यामागून देवळे आली, भाजी-फुलांचा बाजार आला आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी खानावळी आल्या. कॅफे म्हैसूर १९३६ चे, राम आश्रय १९३९ चे, कॅफे मद्रास १९४० चे आणि ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. म्हणजे सहा-सात वर्षांच्या अवधीत या परिसराची खाद्यओळख बऱ्याच अंशी ठरून गेली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ही हॉटेले गप्पा मारत रेंगाळण्यासाठी निघालेली नव्हती. कामावर जाणाऱ्या माणसाला थोडक्या पैशांत, स्वच्छ आणि झटपट खाऊ घालावे, या हिशोबाने ती उभी राहिली आणि आजही त्याच हिशोबाने चालतात. हे एकदा ध्यानात घेतले की पुढे ज्या गोष्टी उद्धटपणाच्या वाटतात, त्यांतल्या पुष्कळशा तशा वाटेनाशा होतात.

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकावर जलद गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे ठाण्याहून आम्ही धीमी गाडीच धरली. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना माटुंगा रोडला उतरून पूल ओलांडून पूर्वेला यावे लागते. महेश्वरी उद्यानापर्यंत, म्हणजे जुन्या किंग्ज सर्कलपर्यंत, स्थानकापासून चालतही जाता येते. पण मावशीच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही टॅक्सी केली. जवळचे भाडे म्हणून टॅक्सीवाल्याने नाक मुरडले, ते सोडून द्या.

दारात वही घेऊन एक गृहस्थ उभे होते. त्यांनी नाव विचारण्याआधी विचारले, “कितना आदमी?” पाच म्हटल्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, “पूरा पार्टी आया क्या?” हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एकाने पुढे येऊन नाव लावायचे आणि बाकीच्यांनी सावकाश घरून निघायचे, ही युक्ती येथे चालत नाही. नाव पुकारले गेले आणि सगळी माणसे समोर नसली, तर ते नाव बाजूला राहते आणि पुढचे नाव आत जाते. आमच्यापुढे असलेल्या एका तरुण मंडळींच्या गटाचे तसेच झाले. त्यांचा मित्र मोटार उभी करायला जागा शोधत होता आणि माटुंग्यात रविवारी जागा मिळणे ही स्वतंत्र तपश्चर्या आहे.

वहीतला क्रम सरळ रेषेत चालत नाही, हे थोडा वेळ उभे राहिल्यावर उलगडत गेले. आतली बहुतेक टेबले चौघांची असतात. दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या की वहीत जेथे दोन आकडा असेल ते नाव पुकारले जाते, मग त्याच्या आधी पाच जणांचे कुटुंब कितीही वेळ तिष्ठत असो. आमच्यानंतर आलेली दोन जोडपी आत गेली तेव्हा मावशीचा पारा चढला. “आपण आधी आलो ना रे? मग हे कसं?” असे तिने मला विचारले, तेही वहीवाल्या गृहस्थांना ऐकू जाईल अशा बेताने. ते हसले आणि म्हणाले, “मावशी, तीन और दो करेगा तो अभी जाएगा.” म्हणजे पाचाचे तीन आणि दोन असे तुकडे करायची तयारी असेल तर लगेच सोय होत होती. आईचा याला विरोध होता, कारण तुकडे करायचे म्हणजे परक्या माणसांच्या टेबलावर बसायचे. “लोकांच्या ताटलीकडे बघत खायचं का आपण?” हा तिचा आक्षेप. अखेर आई, मावशी आणि मी एका बाजूला, तर पत्नी आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी झाली. माझे मत विचाराल तर चौघांपेक्षा जास्त माणसे असतील तर ही विभागणी वहीत नाव लावतानाच सांगून टाकावी. आमचा निम्मा वेळ वाचला असता.

एक तक्रार मात्र येथे नोंदवायलाच हवी. बाहेर बसण्यासाठी मोजकी स्टुले होती आणि त्यांवर धडधाकट माणसे मोबाइल बघत बसली होती. मुलाने विनंती केल्यावर दोघांनी जागा दिली, पण ती विनंती हॉटेलच्या माणसाने करायला हवी होती. ज्या हॉटेलात येणाऱ्यांतला मोठा वर्ग साठीच्या पुढचा आहे, तेथे वहीत वयस्कर माणसांसाठी एखादी खूण असणे अवघड नाही.

आमच्या टेबलावरची चौथी खुर्ची एका तमिळ गृहस्थांची होती. ते त्याच भागात वाढलेले, मराठी अगदी स्वच्छ बोलणारे. आईचा सगळा संकोच त्यांनी एका वाक्यात घालवला. मी रवा डोसा सांगायला तोंड उघडले, तोच ते म्हणाले, “आत्ता रवा डोसा सांगू नका, आजींना भूक लागली असेल, आधी इडली मागवा.” यामागचे गणित त्यांनीच समजावून सांगितले. इडली वाफेवर घाण्याने निघते, वडेही एकदम तळून होतात, त्यामुळे हे पदार्थ सांगितल्याबरोबर येतात. साधे आणि मसाला डोसे मोठ्या तव्यावर एकाच वेळी अनेक घातले जातात, म्हणून त्यांनाही फारसा वेळ लागत नाही. रवा डोशाचे पीठ मात्र पातळ असते, ते पसरता येत नाही, वरून शिंपडावे लागते आणि जाळी कुरकुरीत होईपर्यंत थांबावे लागते. तव्याची जागा तो बराच वेळ अडवतो, म्हणून गर्दीत तो मागे पडतो. तेव्हा पहिल्या फेरीत इडली-वडा सांगावा आणि त्याच वेळी डोसाही सांगून ठेवावा, म्हणजे पहिली ताटली संपेपर्यंत दुसरी येते. आधी खाऊन मग पुढचे ठरवू, असे म्हणणाऱ्याला येथे दोनदा थांबावे लागते.

ऑर्डर घेणारे अण्णा उभ्या उभ्या सगळे ऐकून गेले. सांबार वेगळा हवा की इडली त्यातच बुडवून हवी, एवढे एकच त्यांनी विचारले. याचे उत्तर तयार ठेवावे. आमच्याकडे त्यावर चर्चा सुरू झाली आणि तेवढ्यात अण्णा शेजारच्या टेबलाकडे वळले. आईने रसम वडा घेतला. सांबाराच्या मानाने रसम पातळ आणि तिखट-आंबट असल्यामुळे वडा ते भरपूर शोषतो आणि तरीही त्याचा मधला भाग घट्ट राहतो. मिऱ्याचा झणका घशाशी जाणवला तेव्हा आई खोकली, पण वाटी तिने सोडली नाही. मावशीने नीर डोसा मागवला. तांदूळ वाटून पाण्यासारख्या पातळ केलेल्या पिठाचा, न आंबवलेला हा मऊ पांढरा डोसा पाहून तिला कोकणातल्या घावनांची आठवण झाली आणि मग बराच वेळ ती त्या गृहस्थांना घावन कसे करतात ते सांगत राहिली.

पलीकडच्या टेबलावर मुलाचा पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, आलाच नाही. अशा वेळी आवाज चढवण्यात अर्थ नसतो, कारण ऑर्डर घेणारा, ताटल्या आणून ठेवणारा आणि टेबल पुसणारा अशी तीन वेगळी माणसे असतात आणि ज्याच्यावर आपण ओरडतो त्याचा बहुधा काहीच दोष नसतो. मुलाने ऑर्डर घेतलेल्या अण्णांनाच हाताने खूण केली. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, आत काहीतरी तुळूत बोलले आणि थोड्याच वेळात पेसरट्टू आला. दिलगिरीचा शब्द काही मिळाला नाही. सोबत चटणीची जादा वाटी तेवढी आली.

कॉफीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ती अगदी शेवटी मागवली तर रिकाम्या ताटल्यांपुढे ताटकळत बसावे लागते आणि बाहेरची माणसे काचेतून पाहत असतात. म्हणून डोसा अर्धा झाला की कॉफी सांगावी. फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला अर्क आणि गरम दूध असे हे मिश्रण पितळी किंवा स्टीलच्या पेल्यात येते, खाली उभ्या काठाची वाटी असते, तिला डवरा म्हणतात. पेल्याची कड इतकी तापलेली असते की ओठ लावणे अशक्य. पेल्यातून डवऱ्यात आणि परत पेल्यात असे दोन-तीनदा ओतले की ती निवते आणि फेसही येतो. मावशीने ही कृती पहिल्याच प्रयत्नात टेबलावर एक थेंब न सांडता केली.

कॉफी संपायच्या आतच बिल समोर आले. नव्या माणसाला हे ‘आता उठा’ असे सांगणे वाटते, आणि खरे तर ते तसेच असते. पण खाण्याचे दर आवाक्यात राहतात ते एकेका खुर्चीवर सकाळभरात अनेक माणसे बसून जातात म्हणूनच. बिलात फक्त खाल्लेल्या पदार्थांची किंमत आणि त्यावरचा ५ टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, एवढेच होते. सेवा-शुल्काची ओळ नव्हती. दोन टेबलांची दोन बिले झाली होती, ती एकत्र करून मागण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही गल्ल्यावर भरली.

बाहेर पडल्यावर आईला घरच्यासाठी कॉफीची पूड हवी होती. बाजाराच्या बाजूला पूड समोरच दळून देणारे दुकान होते, तेथे विचारले जाते ते चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचे, प्रमाण. चिकोरीने रंग गडद होतो आणि कॉफीला दाटपणा येतो. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते. दुकानदाराने सत्तर-तीस सुचवले, आईने ऐंशी-वीस घेतले आणि मावशीने साताऱ्याला न्यायला बिनचिकोरीची पाव किलो बांधून घेतली.